माझ्या चाकांना लागलेली हळद

मित्रांनो, साखरखेर्ड्यातल्या एका गोठ्यात, जिथं पूर्वी बैल बांधत तिथं, एक छोटी लाल गाडी उभी आहे. ती मीच. माझं नाक उजवीकडून आत गेलं आहे. टपावर कोंबड्या बसतात. सोमवारी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. त्याआधी माझी हकिगत तुमच्या कानावर घालावी असं वाटलं.

माझा जन्म इथून फार दूर, एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथून रोज रांगेनं बाहेर पडत. पहिल्यांदा मला जालन्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतलं. त्या मला सावली बघून उभी करत. खड्ड्यात चाक आदळलं तर त्याच मला "सॉरी" म्हणत. पुढं त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी देऊळगाव राजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभी राहिले. पुष्कळ दिवस धूळ खाल्ली.

एका रविवारी तिथं तिघं जण आले. भागवत नावाचा एक तरुण, त्याचा मित्र राजकुमार आणि भागवतचे वडील उकंडराव. भागवत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. त्यांच्या गावाबाहेर एक सूतगिरणी बंद पडली होती. तिच्या डांबरी आवारात महिन्यातून एकदा आजूबाजूची हौशी मंडळी गाड्या पळवायला जमत. जुने टायर रचून वळणं केलेली, आणि एका वेळी एकच गाडी आत. कुणाला हरवायचं नसे. आपल्याच मागच्या फेरीपेक्षा पुढची फेरी चांगली मारायची, एवढाच तो खेळ. त्या खेळासाठी भागवतला परवडणारी गाडी हवी होती.

"हे पाय बे," राजकुमार एका काळ्या ढब्ब्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "छत उघडते हिचं!"

"छत उघडून काय कुरड्या वाळू घालाच्या हायेत?" भागवत म्हणाला. "लई जड हाय ते. टायर खाईन, ब्रेकचे पॅड खाईन. अन् काही तुटलं तं सामान पुण्याहून मागवा. त्यापेक्षा ही लाल पाय. अंगानं हलकी हाय, अन् हिचं सामान आपल्या बाजारात भेटते."

"अबे, पन हे पळन काय?"

"पळते कोनतीबी. थांबते कोनती, ते पाहाले आलो मी."

त्यानं मला रिकाम्या रस्त्यावर नेलं. वेग घ्यायचा आणि ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा आणि पुन्हा दाबायचा. मी दर वेळी सरळ रेषेत थांबले. परत आलो तेव्हा उकंडराव पुढं झाले. बैलबाजारात जोडी पारखावी तर त्यांनीच, असं गावात म्हणत. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, वाकून चारी चाकं पाहिली.

"गरीब हाय," ते म्हणाले. "मारकुटी नाही. पायबी मजबूत हायेत. घे."

बाप आणि लेक, दोघांनी आपापल्या रीतीनं मलाच निवडलं. मला फार बरं वाटलं.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. भागवतनं माझं वजन कमी करायला मागचं आसन काढलं. त्याच्या आईनं, आशाबाईंनी, ते ओसरीत ठेवलं आणि त्यावर बसून त्या शेंगा फोडू लागल्या. एरवी मी दुकानाच्या फेऱ्या मारायची, महिन्यातला खेळाचा रविवार आला की गिरणीच्या आवारात. भागवत हेल्मेट घालायचा, पट्टा आवळायचा, आणि आम्ही दोघं वळणावळणानं शिकत जायचो. उकंडराव भिंतीशी उभे राहून ओरडत, "वळनावर कासरा सैल सोड रे, लेका!" सगळे हसत. पण खरं सांगते, तो सल्ला बरोबर होता. हात सैल सोडला की मी वळण अलगद घ्यायची.

उकंडरावांचा एक बैल म्हातारपणानं गेला होता. दुसरा, चांद्या, एकटा राहिला म्हणून त्यांनी तो पुतण्याकडे दिला. शेत आता ट्रॅक्टरनं व्हायचं. त्यामुळं रिकाम्या गोठ्यात मी राहायला आले. संध्याकाळी ते माझ्याशेजारी येऊन बसत. कधी सवयीनं माझ्या पुढ्यात पाण्याची बादलीही ठेवत.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून तो हळद आणि तुपानं चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. नेमका पोळ्यालाच खेळाचा रविवार होता, म्हणून त्या आदल्या संध्याकाळी तयारी चालली होती. भागवतनं माझी पुढची चाकं काढून ब्रेकचे नवे पॅड बसवले. ब्रेकचं तेल कमी पडलं म्हणून तो राजकुमारकडे गेला.

"भागवतची माय, तुपाची वाटी दे," उकंडराव अंगणातून म्हणाले.

"कोनासाठी? गोठा तं रिकामा हाय."

"रिकामा कुठं हाय? ते उभी हाय ना."

"गाडीले कोनी तूप लावते काय हो?" आशाबाई हसल्या, पण वाटी दिली. हळदही कालवून दिली.

चाक काढलं की आत लोखंडाची एक गोल चकती दिसते. ब्रेक दाबला की पॅड तिलाच दोन्ही बाजूंनी पकडतात आणि गाडी थांबते. घासून घासून माझी चकती चकचकीत झाली होती. जुवाखाली बैलाचे केस झडून कातडं चकाकतं, अगदी तशी. उकंडरावांनी तिच्यावर बोटं फिरवली.

"अरे अरे, सारा खांदा सोलला वं पोरी तुहा," ते म्हणाले आणि दोन्ही चकत्यांना तूपहळद चोळू लागले. चांगली जिरवली. ओघळ धोतराच्या सोग्यानं पुसले. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मित्रांनो, इतक्या मायेनं मला कधी कुणी हात लावला नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं, की तिथं नको. पण मला तोंड कुठं आहे?

ते मारुतीच्या देवळाकडे गेले. अंधारून येत होतं. भागवत घाईनं आला, त्यानं तेल भरलं, चाकं बसवली. काही दिसलं नाही त्याला.

सकाळी ब्रेक थोडा कमी लागला. "नवे पॅड हायेत, घासले की बसतीन," तो म्हणाला. नव्या पॅडचं असतं तसं, त्यामुळं राजकुमारलाही शंका आली नाही. आम्ही एक फेरी हळू मारली. दुसऱ्या फेरीला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी भागवतनं पाय पूर्ण दाबला आणि माझ्या चकत्या पॅडमधून निसटत राहिल्या. टायरांची रांग उडाली. कापसाच्या गठाणी उतरवायच्या दगडी ओट्यावर मी जाऊन आदळले. भागवतचा पाय माझ्या चेपलेल्या पत्र्यात अडकला.

लोकांनी त्याला बाहेर काढलं. राजकुमार चाकाशी वाकला आणि तसाच थांबला.

"भागवत, तुपाचा वास येऊन राह्यला. अन् ही हळद हाय बे!"

भागवत जमिनीवर पडला होता. त्याला सगळं समजलं.

"पुसून टाक," तो म्हणाला. "बाबाले समजलं नाही पाहिजे."

"अन् सारे तुले येडा म्हनतीन त्याचं?"

"म्हनू दे."

मोडलेला पाय जोडला, पण सरळ झाला नाही. भागवत आता लंगडत चालतो. माझ्यावर तो पुन्हा बसला नाही. "ब्रेक काऊन नाही लागले?" असं उकंडरावांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मीच उशिरा दाबले, बाबा."

तेव्हापासून उकंडराव येताजाता बोलतात. मस्ती नडली म्हणतात, अकलेचा कांदा म्हणतात. आल्यागेल्यासमोर म्हणतात. भागवत मान खाली घालून ऐकतो. मला तर ते अवदसा म्हणतात. भंगारवाल्याला त्यांनीच बोलावलं आहे.

परवा ते असेच बोलत होते. आशाबाई ओसरीत बसल्या होत्या. राजकुमारनं त्यांना खरं सांगितलं आहे, आणि वाटी तर त्यांनीच दिली होती. त्यांना राहवलं नाही.

"बस करा हो आता. पोराचा काही दोष नाही. त्या दिवशी तुम्हीच..."

"माय," भागवत मध्येच म्हणाला, "पानी दे वं मले."

आशाबाई उठल्या. पाणी आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग रोजच्यासारखे उकंडराव तेलाची वाटी घेऊन लेकाच्या पायाशी बसले. दिवसभर कितीही बोलले, तरी संध्याकाळी पाय तेच चोळतात.

"इथं दुखते काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इथं?"

"हाव. जरा हळू."

आणि त्यांचा हात हलका झाला.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. माणूस असो, जनावर असो की यंत्र असो, माया करताना आधी "इथं दुखतं काय?" एवढं विचारत जा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याबद्दल त्याचं अंग जाणणाऱ्याला विचारा. सोमवारी उकंडराव मला शिव्या देऊन वाटेला लावतील. ते मी सोसेन. पण तुम्ही कधी साखरखेर्ड्याला आलात आणि ते पारावर भेटले, तर त्यांना राम राम करा, हवापाण्याचं बोला. हळदीचं मात्र सांगू नका.