अकरा नापास पत्रे

कारखान्यात निकेलचा मुलामा चढवायची तिसरी टाकी आली आणि माणसं मिळेनाशी झाली. दवाखान्यातल्या खाटांचे दांडे चकचकीत करून देण्याचं काम थोरलीनं महिनाभर खेटे घालून मिळवलं होतं. एक तारखेला दांडे येणार होते, आणि चार नवे कामगार दिसले नाहीत तर आल्या पावली परत जाणार होते. सध्या कारखान्यात आई, बाबा आणि थोरली, एवढाच काय तो फौजफाटा.

माणसं येत नव्हती असं नाही. येत होती, आणि बाबा त्यांची परीक्षा घेत होते.

परीक्षा साधी होती. बाबा तळहाताएवढा पत्रा स्वतः घासायचे, ॲसिडमधून काढायचे, पाण्यात बुचकळून उजेडाकडे धरायचे. पाणी थेंब न होता सलग ओघळलं की पत्रा स्वच्छ. मग तो उमेदवारानं हातमोजे घालून, कडेला धरून, तारेला अडकवायचा आणि टाकीत सोडायचा. स्वच्छ पत्र्याला उघडं बोट लागलं तर तिथं निकेल नीट बसत नाही, डाग उमटतो. अर्ध्या तासानं पत्रा बाहेर यायचा आणि डाग असायचाच.

"कळवतो," बाबा म्हणायचे.

अकरा जणांना ते असं म्हणाले. कळवलं कुणालाच नाही. नापास पत्रे मात्र दारामागच्या खिळ्यांवर ओळीनं लटकत होते.

"लोकांना हात आवरत नाहीत हल्ली," बाबा म्हणाले.

"बाबा, आज सत्तावीस तारीख आहे."

"म्हणून कुणालाही घ्यायचं? चाळीस वर्षांचं नाव आहे आपलं."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ही चाळीस वर्षं त्यांनी कुणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं. थोरली आपल्या टाकीकडे गेली.

बारावी उमेदवार शिवणकाम करणारी बाई होती. तिनं पत्रा टाकीत सोडला आणि अर्धा तास स्टुलावर बसून राहिली. पत्रा निघाला. कोपऱ्यात डाग.

"कळवतो."

बाई उठलीच नाही. तिनं हातमोजा काढला आणि अंगठा डागाशेजारी धरला. डाग दुपटीनं मोठा होता.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "माझ्या अंगठ्यावर अशी चीरही नाही."

थोरली येऊन वाकली. डागाच्या मधोमध तिरकी रेघ होती. ती तिला तोंडपाठ होती, लहानपणी बाबांचा हाच अंगठा धरून ती शाळेत जायची. तिनं अकरा पत्रे काढून टेबलावर मांडले. सगळ्यांवर तोच कोपरा, तीच रेघ.

बाबांनी एकेक पत्रा उचलून उजेडाकडे धरला. उघड्या हातानं.

"मोजा घातला की पत्रा निसटतो," ते म्हणाले. "वर्ष झालं. मुठीत जोर राहिला नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगणार? मालक मीच."

त्यांनी एप्रन काढला, घडी करून स्टुलावर ठेवला आणि घरी गेले. त्यांना हाक मारावी असं थोरलीला फार वाटलं. तिनं शिवणकामवालीला उद्यापासून यायला सांगितलं आणि अकरा जणांना फोन लावायला घेतले. सात जण दुसरीकडे लागले होते. एक जण "कळवतो" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तिघं तयार झाले.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला ती कुलूप उघडायला आली तर दाराशी रांग होती. पुढे शिवणकामवाली, मागे ते तिघं. सगळ्यांच्या मागे बाबा, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून.

चौघं आत गेले. बाबा उंबऱ्याशीच थांबले.

"काही काम आहे का?" त्यांनी विचारलं.

"तपासणीचं आहे. बसून करायचं."

"मग कळवा."

"कळवत नाही," थोरली म्हणाली. "आत या."