खंडेनवमीचा खांब

खांब बुक होता.

म्हणजे खांबाजवळचं टेबल. पण आमच्या आजोबांना, गुणाजी पेडणेकरांना, टेबलाशी देणंघेणं नव्हतं. डिलाईल रोडवरून झेंडूचा हार घेऊन ते निघाले होते ते खांबासाठी. डोळे दिवाळीपर्यंत टिकले तर टिकले, असं डॉक्टर म्हणालेले. म्हणून यंदाच्या खंडेनवमीला त्यांना आपला खांब एकदा बघायचा होता.

गिरणीत त्यांचा साचा, म्हणजे सूत काततं ते मशीन, या खांबाला लागून होता. साचा भंगारात गेला. खांब राहिला, कारण तो बिडाचा, विलायतेत ओतलेला, आणि करवतीच्या दात्यांसारखं सगळं छप्पर अशाच खांबांवर उभं. आता त्याखाली पास्ता मिळतो. दात्यांच्या काचा उत्तरेकडे आहेत, सुतावर ऊन पडू नये म्हणून. पास्त्यावरही पडत नाही.

टेबल लाडू नावाच्या कुत्र्याच्या वाढदिवसासाठी घेतलेलं होतं. मी लाडूच्या मम्मीला सगळं सांगितलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी लाडूला सरकायला सांगितलं, आणि तो सरकला. आमच्या घरात कोणी एवढं ऐकत नाही.

आजोबांनी खांबावरची प्लास्टिकची वेल बाजूला केली, हार घातला. हॉटेलवाले नारळ फोडू देईनात, म्हणून नुसता ठेवला. मी पेढे वाटले. लाडूलाही मिळाला. मग आजोबा खांबाला तळवा लावून उभे राहिले, ते उभेच.

माझी बहीण आकांक्षा त्यांच्यासमोर जाऊन चला म्हणाली. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान तरुणपणीच गेले, तेव्हापासून ते ओठ वाचतात. त्यांनी वाचलं, पण हलले नाहीत.

मला जरा उशिराच कळलं. खंडेनवमीला साचे थांबवून पूजा व्हायची आणि प्रसाद वाटला की पुन्हा चालू. चालू झाले की खांब थरथरायचा. आजोबांना ते हातानेच कळायचं. आता प्रसाद तर वाटून झाला होता.

गिरणी बंद पडल्याचं त्यांना माहीत होतं. लहानपणी आम्हाला झोपवताना त्यांनी तेच सांगितलंय. पण ते हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

मी आकांक्षाला दारापाशी पाठवलं. म्हटलं, मला फोन लाव, लावतच राहा. आणि माझा काच फुटलेला मोबाईल व्हायब्रेटवर टाकून खांबाच्या मागे दाबून धरला.

तो गुरगुरला.

आजोबांची बोटं पसरली. डोळे मिटले. पायांत अंतर घेऊन ते उभे राहिले, गिरणीतली पाळी सुरू झाल्यासारखे.

मग त्यांनी डोळे उघडले.

"तुझो फोन इलोहा रे," ते हळूच म्हणाले. "घे तो."

हात काढून त्यांनी पॅन्टला पुसला. मी फोन कानाला लावला.

"चालू झालं?" आकांक्षाने विचारलं.

आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले.