सोमवारचा भात

डॉक्टरांनी विचारलं, "भूक कधीपासून कमी झाली?"

माझी बायको हेमांगी म्हणाली, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." मीही मान हलवली. अलिबागचा दवाखाना होता, मे महिन्याची वीस तारीख. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला आणि तिला जरा बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाले की आजार पोटात सगळीकडे पसरला आहे, आता फार दिवस नाहीत.

रेवसला घरी आलो, तिला पडायला सांगितलं आणि लॅपटॉप उघडला. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात ग्रॅममध्ये लिहिलेलं होतं.

ते कसं, ते सांगतो. कंपनीत मी तेहतीस वर्षं मीटर आणि गेज दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ओट्यावर बसून काढली. मग आमच्या मुलीनं, प्राप्तीनं, तिचा जुना लॅपटॉप दिला आणि मी व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकलो. काही मिळवायचं नव्हतं, हौस म्हणून. त्यात जेनेटिक अल्गोरिदम नावाचा प्रकार भेटला आणि मी त्यात अडकलो. त्याची गंमत अशी, की उत्तर काय आहे हे आपल्याला ठाऊक असावं लागत नाही. दहा वेडीवाकडी उत्तरं घ्यायची. त्यातली बरी ठेवायची, बाकीची टाकायची. दोन बऱ्यांची अर्धीअर्धी जोडून नवी करायची, मधूनच एखादा आकडा उगाच बदलायचा. असं करत राहिलं की उत्तर आपोआप सुधारत जातं. कुणीतरी फक्त एवढंच सांगायचं, की यापेक्षा हे बरं.

हेमांगीला हे समजावलं तर म्हणाली, "म्हणजे सोयरीकच की. नाक बापाचं, रंग आयेचा."

"आणि मधेच एखादं भलतंच निघतं. तेही लागतं."

"आमच्या घरात ते तुमी."

उत्तर शोधायला माझ्याकडे एक गोष्ट होती. माझ्या सासूबाई, आगरदांड्याच्या वेणूबाई, यांचा मसाला. त्या सगळं हाताच्या अंदाजानं घालायच्या. त्या गेल्यावर त्यांचा शेवटचा डबा हेमांगीनं दीड वर्ष पुरवला. नंतर आठ वर्षं तिनं तो मसाला करून पाहिला, पण तो जमला नाही. प्रत्येक उन्हाळ्यात डबा भरताना ती म्हणायची, "आयेसारखा न्हाय झाला." मला तो तिला करून द्यायचा होता.

चौदा जिन्नस, म्हणजे चौदा आकडे. आठवड्याला सहा मसाले, पन्नास-पन्नास ग्रॅमचे. सोमवार सोडून रोज एकाचं कालवण. दिवाळीनंतर सुरुवात केली. मिरच्या भाजायच्या, मिक्सरला लावायच्या, डब्यांना नंबर द्यायचे. आमचं स्वयंपाकघर आयुष्यात पहिल्यांदा मला नीट कळलं.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. जेवण झालं की विचारायचो, "दहापैकी किती?" ती म्हणायची, "सात." दुसऱ्या दिवशीही सात. सहाही मसाल्यांना सात.

"अगं, परवाचं तर कडू होतं."

"खाल्ल्या अन्नाला वाईट म्हणू? तुमच्या यंत्राला सांगा, आमच्यात तसं बोलत न्हाय."

सगळ्यांना सात मिळाले तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं? मग मला सुचलं की कालवण आवडलं तर माणूस भात जास्त खातो. तिच्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळा भात काढायचा, आधी वजन करायचं, जेवणानंतर उरलेल्याचं करायचं. ती खरकटं टाकायला मागच्या दारी गेली की मी वजनकाटा काढायचो. तोच तिचा मार्क.

सोमवारी आमच्याकडे मासळी नसते, वरण-भात असतो. सोमवारचं वजनही मी लिहायचो. रोजचं रीडिंग लिहायची सवय, दुसरं काही नाही. प्रोग्रॅम ते आकडे वाचत नव्हता.

शिमग्यापर्यंत आकडे चढत होते. तीनशे, तीनशे दहा, एकदा तर साडेतीनशे ग्रॅम. शिमग्यानंतर उतरायला लागले. मला वाटलं मसाला बिघडतोय. मी प्रोग्रॅममध्ये उगाच बदलायचे आकडे वाढवले, धणे कमी केले, मिरची बदलली. दहा आठवडे मी मसाला दुरुस्त करत होतो.

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी फक्त सोमवार वेगळे काढले. दोनशे नव्वद. दोनशे साठ. दोनशे दहा. एकशे चाळीस. वरण बदललं नव्हतं.

चार दिवस ते आकडे मी कुणाला दाखवले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी ती मागच्या पडवीत बसली होती तेव्हा तिला सगळं सांगितलं. भात चोरून मोजत होतो, तेही. तुझा आजार माझ्यासमोर आकड्यांत पडला होता आणि मी मसाला बघत बसलो, असं म्हणालो.

ती म्हणाली, "पातेलं घेऊन काट्याकडे जाता ते मला दिसत न्हाय व्हय? दुसऱ्याच आठवड्याला समजलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तुमी एवढ्या हौसेनं करता, म्हणून दोन घास जास्तीच खात होते. भूक नव्हती तरी. सोमवारी पण मोजता ते मातर ठाऊक नव्हतं."

तीच पुढे म्हणाली, "एक गोष्ट सांगू? रागावणार न्हाय ना?"

"नाही."

"आयेचा मसाला एकदा झाला होता."

"कधी?"

"शिमग्याच्या नंतर. सुरमई होती त्या दिवशी. पयला घास घेतला आणि आये आठवली. दोन-चार घासच गेले. तुमी विचारलं तर सात म्हटलं."

"अगं, सांगायचं होतंस. त्याच्यासाठीच तर चाललं होतं सगळं."

"सांगितलं असतं तर तुमी थांबला असता," ती म्हणाली. "दोन वर्षं ओट्यावर बसून होता, मुक्यासारखे. आता कुठं रोज माझ्याजवळ स्वयंपाकघरात यायला लागला होता."

म्हणजे हवा होता तो मसाला मिळाला होता. त्या दिवशी भात फारच कमी गेला, म्हणून प्रोग्रॅमनं तो टाकून दिला. आणि प्रोग्रॅमला तसं शिकवणारा मी.

कुठला दिवस ते तिला आठवेना. मी यादी काढली. शिमग्यानंतर सुरमईचे आणि कमी भाताचे तीन दिवस निघाले. त्यातला एक तिच्या आईच्या आठवणीचा आहे आणि दोन आजाराचे. आकड्यांवरून कुठला कुठला ते कळत नाही.

"तिन्ही करतो," मी म्हणालो. "बोटावर घेऊन नुसतं जिभेला लाव."

"बरं," ती म्हणाली. पण त्याच संध्याकाळी शेजारी फोडणीचा वास आला आणि तिला उलटी झाली. त्यानंतर घरात काही भाजता आलं नाही. पेज आणि शहाळ्याचं पाणी, एवढंच जायचं. मग तेही गेलं नाही. नऊ जुलैला ती गेली. प्राप्ती आणि मी दोन्ही बाजूंना होतो.

दिवाळीला प्राप्ती पनवेलहून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं आणि ती यादी दाखवली. तिनं ती दोनदा वाचली.

"बाबा, मग तिन्ही करून बघा ना."

"आणि ओळखणार कोण? आजीचा शेवटचा डबा संपून नऊ वर्षं झाली, ती चव मला आठवत नाही. आजी गेली तेव्हा तू सहावीत होतीस."

"नाही ओळखता आलं तर तिन्ही खाऊ. त्यातला एक तर तोच असणार."

तिचं बरोबर आहे. हिशेबानं बघितलं तर अगदी बरोबर आहे. ती परत जाताना बाजारातून संकेश्वरी आणि बेडगी मिरच्या आणून देऊन गेली, बाकीचे बारा जिन्नस घरात आहेत.

ते तीन मसाले करायचे अजून राहिले आहेत.