कुठवर आलो होतो

"मिनल, स्ट्रटॉकपुढे सेफ लिही आणि संपव ना. कोण वाचतंय राव?" ऑफिसातला सिद्धेश फोनवर कावला होता.

"मी वाचते," म्हणून मिनलने फोन ठेवला.

रहाटणीतल्या दोन खोल्यांत बसून ती सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहिती लिहायची. मजकूर हाताळणारं तयार फंक्शन दोन थ्रेडनी, म्हणजे दोन कामांनी, एकदम वापरलं तर चालेल का, एवढंच नोंदवायचं. त्यात हा स्ट्रटॉक म्हणजे महा नाठाळ. लांब ओळीचे तुकडे करून एकेक हाती देतो आणि कुठवर आलो ते एकाच जागी लक्षात ठेवतो. मध्येच दुसऱ्या कामाने हाक मारली की ती खूण पुसली जाते. बरं, तक्रारही करत नाही. भलतीकडूनच मुकाट पुढे चालू लागतो.

तिच्या वडिलांचं, कोंडीराम आबांचंही आता तसंच झालं होतं. त्यांचा उभा जन्म फाउंड्रीत गेला. हल्ली ते बोलत असताना मध्ये कोणी बोललं की गाडी रूळ सोडायची. म्हणून घरात नियमच होता, आबा बोलू लागले की कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठायचं नाही. या नियमापायी डाळ कितीदा तरी करपली.

आईला जाऊन वर्ष झालं. शेवटच्या घटकेला दवाखान्यात आबाच होते, मिनल ऑफिसात. आई काय म्हणाली, हे तिने आडून आडून किती विचारलं. म्हातारा ब्र काढायचा नाही.

आज चहाचा कप खाली ठेवून ते आपणहून म्हणाले, "कस्तुरा शुद्धीवर व्हती. माझा हात धरला. म्हन्ली, मिनलला सांगा..."

फोन वाजला. मिनलने सवयीने स्पीकरवर घेतला.

"चाकणच्या ऑफिसातून विचारतायत गं, झालं का?" सिद्धेशचा आवाज खोलीभर घुमला.

"नंतर!" तिने फोन तोडला. "आबा, मिनलला काय सांगा?"

कोंडीराम तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "मिनलला सांगा, चाकनची बस चुकंल. डबा भरून घे म्हनावं."

फोन उचलणारं आपलंच बोट तोडून टाकावं असं मिनलला वाटलं. तिने पुन्हा विचारलं, हळू, पायाशी बसून विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं, तितक्याच खात्रीने.

शेवटी तिने लॅपटॉप ओढून लिहिलं, 'सुरक्षित नाही. मध्ये दुसऱ्याने हाक मारल्यास आधीचे परत मिळत नाही.'

"भरला का डबा?" आबांनी विचारलं.

"भरते, आबा."

तिने उठून डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि त्यांच्यासमोर आणून ठेवला.