टेलरबाईंचा दम

मला दम लागतो म्हणजे काय! अहो, दिवसाला तीन पॅंट शिवून वर गिऱ्हाइकांशी भांडणारी बाई मी. पण महिन्यापूर्वी दुकानाचा जिना चढताना मध्येच बसावं लागलं. छातीत शिट्टी वाजायला लागली. झालं! लेकानं घर डोक्यावर घेतलं. डॉक्टर म्हणाले दमा, पंप दिला. पंपानं ढिम्म फरक पडला नाही.

"कापडाच्या धुळीनं होतंय हे," लेक म्हणाला. "एक तारखेला दुकान बंद. पुरे झालं, आई."

एरवी माझ्यापुढे ब्र काढत नाही हा. चांगला सोलून काढला असता, पण भांडायलाही श्वास लागतो ना! दोन शब्दांत धाप लागली. चाळीस वर्षांचं दुकान माझं. मशीन झाकून ठेवताना रडले, खोटं कशाला बोलू?

सुनेला काय वाटलं कोण जाणे, ती मला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी एक्स-रे काढला आणि बघतच राहिल्या.

"आजी, टाचण्या कुठे ठेवता?"

"कुठे म्हणजे? तोंडात! हात मोकळे नकोत?"

त्यांनी एक्स-रे माझ्यासमोर धरला. उजव्या फुप्फुसात टाचणी, सरळ उभी. माझीच!

मग आठवलं. एक ढेरपोट्या नवरदेव कोटाचं माप बघायला आला होता. ऐटीत छाती फुगवली आणि बटण सुटून थेट आरशावर आपटलं. मला हसू आवरेना, आणि तोंडात पाच टाचण्या. ठसका लागला. नंतर मोजल्या तर चारच भरल्या, आणि मी शहाणी जमिनीवर लोहचुंबक फिरवत बसले!

दुसऱ्या दिवशी भूल देऊन, नळी घालून टाचणी काढली. जाग आली आणि श्वास घेतला, तो पार पोटापर्यंत गेला. आनंदानं मी हसतच सुटले. लेक उशाशी उभा होता. त्याला बघितलं आणि महिनाभर साठलेलं सगळं बाहेर पडलं. दुकान बंद करणारा तू कोण रे, शाळेचा गणवेश कोणी शिवला तुझा, मला विचारलंस तरी का, गाढवा! एकदाही न थांबता बोलले.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बोल आई," तो म्हणाला, "अजून बोल."