पडणाऱ्या काठ्या

“परत हात खाली गेला,” वरून अतीकसरांचा आवाज आला. “काठी पायाला लागली की तुझा हात खाली जातोच. तो पुढं ठेव म्हणून किती येळा सांगू?”

सिद्धेश्वरी उताराच्या तळाला येऊन थांबली, तशीच रस्त्यावर बसली आणि चाकांच्या बुटांच्या पट्ट्या ओढून काढू लागली. नडगीवर कालचा निळा डाग होता, त्यावर आजचा लाल बसला होता. कडेला दगडावर बसलेल्या शंकरप्पाने तो पाहिला आणि त्याचं डोकं सणकलं. कुणाचं दुखलंखुपलं पाहिलं की त्याला रागच यायचा. इतकी वर्षं संसार करून मथुराबाईला त्याची ही तऱ्हा कळली होती, लेकीला अजून कळायची होती.

“काठीपासनं जरा लांबनं जा की,” तो म्हणाला. “डोळे कुटं असत्यात तुजे?”

सिद्धेश्वरीने मान वर केली. बर्फावरच्या शिबिराहून परतताना दिल्लीहून धरलेल्या गाडीतून उतरल्यापासून ती बापाशी धड बोलली नव्हती. आता तिचं तोंड सुटलं.

“लांबनंच जाते आप्पा. दोन वर्षं झाली, लांबनंच जाते. म्हणूनच सगळ्यात मागं राहिले तितं. सांगू का काय झालं ते? ऐकायचंय तुमाला?”

खेळ बर्फावरचा. डोंगराच्या उतारावर लाल आणि निळ्या काठ्या रोवलेल्या असतात, पायांना लांब पट्ट्या बांधून एका काठीच्या डावीकडून, पुढच्या काठीच्या उजवीकडून असं नागमोडी खाली यायचं. जो लवकर उतरेल तो जिंकला. स्लॅलम म्हणतात त्याला. सोलापुरात बर्फ बघायचा तर उसाच्या रसवाल्याकडे, नाहीतर मासळी बाजारात. पण अतीकसर शाळेत स्केटिंग शिकवत, त्यांनी या पोरीचं चाकांवरचं वळण पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. चाकांवर उताराचा सराव करून मुली बर्फावर जातात, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. बर्फ त्यांनीही पाहिला नव्हता.

आणि उतार तरी कुठला? सगळं सोलापूर पोळपाटासारखं सपाट. शेवटी कुंभारीच्या पुढे एक अर्धवट सोडलेला उड्डाणपूल सापडला. त्याची एका बाजूची चढण डांबर टाकून तयार होती, आणि वर जाऊन रस्ता हवेतच संपत होता. ठेकेदार गेला, साहेब बदलले, लोक शिव्या घालून घालून थकले. त्या पुलाचा उपयोग झालेली सबंध जिल्ह्यात ही एकच पोरगी.

काठ्या शंकरप्पाने केल्या होत्या. टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा. हाताने काही करायचं म्हटलं की तो कुणाचं ऐकत नसे. त्याने निवडून बांबू आणले, घासूनपुसून रंगवले आणि रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून असे पक्के बसवले की बैल बांधला तरी हलू नयेत. अतीकसरांनी तेव्हा मोबाइल पुढे धरला होता. “आप्पा, जरा बघा की. त्यांच्या काठ्या वाकायल्यात. पोरी लाथ मारून जायल्यात.” शंकरप्पाने बघून न बघितल्यासारखं केलं. “प्लास्टिकच्या हायत त्या. पडणारी काठी मी करत नसतो,” एवढं बोलून त्याने विषय संपवला होता.

त्यालाही कारण होतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत त्याने तीस वर्षं नंदीध्वज पेलला होता. दुमजली घराएवढी उंच काठी, ती कमरेच्या पट्ट्यात तोलून चालायचं, दमलं की दुसऱ्याच्या कमरेवर द्यायची. ती नुसती डगमगली तरी रस्त्यावरच्या हजारो माणसांचा श्वास अडकतो. काठी पडता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात पुरती कळली होती. त्यामुळे उतारावर लेकीचा पाय काठीला लागला की तो ओरडे, “पाया पड तिच्या.” मग सिद्धेश्वरी वळता वळता हात खाली नेऊन काठीला लावी आणि छातीशी आणी. पुढे पुढे सांगायची गरज उरली नाही. हात आपोआप जायला लागला.

“तितं सगळ्या काठ्या पडत्यात आप्पा,” ती आता सांगत होती. “बुडाशी वाकत्यात आणि परत उठून उभ्या राहत्यात. पोरी सरळ अंगावर जात्यात. नडगीनं काठी उडवायची, मुठीनं बाजूला सारायची, की वाट निम्मी होती. आणि मी? मी एकेकीला वळसा घालत बसले. एकदा पाय लागला, तर हात गेला खाली, छातीशी आला, आणि मी पडले. तितले सर म्हणाले, प्रदक्षिणा घालायला आलीस का? सगळ्या हसल्या. सोलापूरहून निघताना मला सांगायचं न्हाय का तुमी कुणी, की काठीला मारायचं असतं?”

“मी सांगितलेलं,” अतीकसर हळूच म्हणाले. ते उतरून खाली आले होते.

“तुमी गप बसा,” शंकरप्पा म्हणाला.

“या महिन्याच्या शेवटी परत बोलावलंय,” सिद्धेश्वरी म्हणाली. “अशीच उतरले तर राज्याच्या टीममधनं माझं नाव गेलं. पुढच्या साली माझं वयच बसत न्हाय. हे शेवटचं हाय माझं.” आणि बूट हातात घेऊन ती अनवाणीच रस्त्याने चालू लागली.

शंकरप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या पोरी आपल्या लेकीला हसल्या, आणि हसायचं कारण आपण. राग काढायला समोर अतीकसर होते, पण त्यांच्यावर काय काढणार? ते खरं बोलले होते, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येऊनही त्याला काही करता येत नाही. त्याने लुनाला लाथ मारली. ती चालू झाली नाही. आणखी दोन मारल्या.

घरी आला तर ओट्यावर तात्याबा बसलेला. नंदीध्वजाच्या सरावातला जुना जोडीदार. मथुराबाईने त्याच्यासमोर चहा ठेवला होता आणि ती आत गेली होती, म्हणजे बोलणं अवघड होतं. शंकरप्पाच्या कमरेत गेल्या वर्षी काहीतरी सरकलं होतं. डॉक्टरने काठी तर राहोच, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलं होतं. हे सरावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

“औंदा तुमी नुसतं संगं चाला शंकरप्पा,” तात्याबा म्हणाला. “काठी धनाजी घील. चांगलं पोरगं हाय. आन् तुमचा तेवडा पट्टा त्याला दिला तर लई बरं हुईल बगा. मऊ झालाय, अंगाला बसतो. नव्यानं कंबर सोलून निघती.”

“माजा पट्टा न्हाय मिळायचा.”

“रागावू नका की. तुमी तरी आता काय करणार त्येचं?”

“काय बी करीन. जाळीन. तुमाला काय करायचंय?”

तात्याबाने चहा अर्धा ठेवला आणि उठला. मथुराबाई बाहेर आली, कपाकडे आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, “ज्येंच्यासंगं हयात गेली त्येंच्यावर तोंड टाकायलाव व्हय?” त्यावर शंकरप्पा तिच्यावरही ओरडला. मग ओरडायला कुणी उरलं नाही म्हणून तो भिंतीवरच्या खुंटीकडे बघत बसला. पट्टा तिथे होता. जाड चामड्याचा, घामाने काळा पडलेला, मधोमध काठीच्या बुडाने केलेली खोलगट जागा. यात्रेच्या आधी तो स्वतः त्याला तेल लावत असे. औंदा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सकाळीच तो भंगारातून मोडलेल्या मागांच्या जाड स्प्रिंगा पोत्यात भरून घेऊन आला. शेजारच्या पोरांना उचलायला लावून लुनावरून एकेक करून काठ्याही आणल्या, आणि गल्लीतच करवत घेऊन बसला. पहिल्या काठीला करवत लावताना त्याचा हात थांबला. चांगला बांबू होता. त्याने दातओठ खाल्ले आणि घोट्याच्या उंचीवर तो कापला. वरचा तुकडा, खालचा तुकडा, मधे स्प्रिंग.

“स्वतःच्या हातानं केल्याल्या काठ्या कापायलाव?” मथुराबाईने दारातून विचारलं.

“मग काय दुसऱ्याच्या हातानं कापू?”

पहिली काठी पडली ती पडूनच राहिली. दुसरीला त्याने दुहेरी स्प्रिंग घातली, पायाने जोरात ढकलून बघितली, आणि ती अशी उसळून आली की त्याच्या हनुवटीवर बसली. शेजारची पोरं हसली. शंकरप्पाने त्यांना हाकललं, काठीला एक शिवी घातली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की काठीला शिवी घालण्याची ही आपली पहिलीच खेप. संध्याकाळपर्यंत सगळ्या काठ्या पडायला आणि उठायला शिकल्या. बांबू तरी बांबूच होता, लागणार होता. नडगीला काहीतरी जाड हवं होतं. अतीकसरांनी कुठल्याशा दुकानातली पॅडं सांगितली होती, ती यायला आठवडे लागणार होते.

त्याने खुंटीवरून पट्टा काढला. मथुराबाई भाकरी थापत होती. तिने बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. कात्रीने तो कापेना, म्हणून शंकरप्पाने करवतच लावली.

सकाळी उतारावर सिद्धेश्वरी आपली आपण आली होती, बापाशी अबोला होताच. नव्या काठ्या उभ्या होत्या. तिने एकीला बोट लावलं, ती वाकली आणि उठली. तिने बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडे न बघता खाली बसला, गुडघ्यावर. बसताना कमरेतून कळ गेली आणि त्याने ती गिळली.

“पाय पुढं कर.”

“हे काय हाय?” आणि मग तिने ओळखलं. ती मागे सरली. “आप्पा, हे पायाला?”

“गप बस. पाय पुढं कर म्हटलं न्हवं?”

त्याने पट्ट्याचा एक तुकडा एका नडगीला बांधला, दुसरा दुसऱ्या. खोलगट जागा उजव्या पायाला आली. तिचा हात सवयीने खाली आला, पट्ट्याला लागणार तोच त्याने तो झटकून बाजूला केला.

“पाया पडायचं न्हाय. सरांना तुजा हात पुढं पाहिजे.”

“पण पाय लागायलाय की.”

“तुज्या वाटचं पाया मी पडतो. तू लाथ मार.”

सिद्धेश्वरी वर गेली. वर, जिथे रस्ता संपतो तिथे, ती एवढीशी दिसत होती. अतीकसरांनी हात वर केला आणि खाली आणला. पहिल्या काठीला तिने लांबूनच वळसा घातला. दुसरीलाही. शंकरप्पाच्या डोक्यात पुन्हा ती आग उठली. डॉक्टर, तात्याबा, तिथे हसलेल्या पोरी, हवेत संपलेला पूल, स्वतःची कंबर, सगळ्यांचा मिळून एकच राग होता आणि तो त्याच्या तोंडून बाहेर पडला.

“लाथ मार म्हटलं ना सिद्धे,” तो ओरडला. “मार.”

तिसरी काठी तिच्या नडगीखाली आडवी झाली. चामड्यावर बांबूचा कोरडा आवाज आला. त्याच क्षणी शंकरप्पाचं अंग पुढे झेपावलं. दोन्ही हात पसरून, कंबर पुढे करून, पडणारी काठी झेलायला. तीस वर्षांची सवय होती. कमरेत वीज चमकली आणि तो जागच्या जागी थांबला. काठी तोवर उठून उभी राहिली होती. चौथी पडली, पाचवी पडली. तिचे दोन्ही हात पुढे होते, मुठी बांधलेल्या. एकही खाली आला नाही. ती चेहरा लाल करून दात आवळून येत होती, आणि तिचा तो राग ओळखीचा वाटून शंकरप्पाला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

“आप्पा, बघितलं का?” अतीकसर घड्याळ दाखवत पळत खाली आले. “लई फरक हाय. लईच. बघा तरी.”

शंकरप्पाने घड्याळ बघितलं नाही. तो खालच्या काठीपाशी गेला होता. ती अजून थरथरत होती. त्याने तळहाताने तिला स्थिर केलं, हात कपाळाला लावला आणि पुढच्या काठीकडे निघाला. तिथेही तसंच. चढ होता, दर काठीला तो थांबत होता. अतीकसर काही बोलायला गेले, पण सिद्धेश्वरीने त्यांना हाताने थांबवलं. बूट न काढता ती कडेकडेने बापाच्या मागून चढू लागली, त्याच्या पुढे न जाता.

दूर कुंभारीकडून हलगीचा आवाज येत होता. कुणाचं तरी लग्न असेल, नाहीतर यात्रेचा सराव. शंकरप्पाने एकदा तिकडे कान दिला आणि चालू लागला.

“झालं का आप्पा?” वर पोचता पोचता तिने विचारलं.

“वरच्या दोन ऱ्हायल्यात.”

“त्यांना पाय नव्हता लागला.”

“आता लागंल की,” तो म्हणाला. एक हात मोकळ्या कमरेवर ठेवून तो पुढच्या काठीशी वाकला.