पशुसखीच्या फोनमधले शेळीचे ॲप

निर्मलाबाईंच्या फोनवर, कॅल्क्युलेटरच्या शेजारी, हिरव्या चौकोनात शेळीचे तोंड दिसते ना, तो मी. मी एक ॲप आहे. शेळ्यांचे आजार, लक्षणे, लसी, औषधे, असे सगळे माझ्या पोटात आहे.

शेळीपालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत माझा जन्म झाला. तिथल्या डॉक्टरांनी आधी सगळी माहिती वेबसाइटवर घातली. ती माझी थोरली बहीण. पण तिला उघडायला नेटवर्क लागते, आणि शेळ्या चरतात तिथे ते नसते. म्हणून तिचीच पाने उचलून मला तयार केले. 'एकदा फोनमध्ये घेतले की काम झाले,' असे प्रशिक्षणात सांगत. मलाही ते खरे वाटे.

निर्मलाबाई कोंढ्याच्या पशुसखी. गावातल्या बकऱ्यांना लस टोचणे, जंताचे औषध पाजणे, खुरे कापणे ही त्यांची कामे. चार वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या प्रशिक्षणात त्यांनी मला फोनमध्ये घेतले. सुरुवातीला त्या मला मोठ्याने वाचत, ओळीखाली बोट धरून. बोट जरा जोरात टेकले की पान सरके, आणि सगळे पहिल्यापासून.

त्यांची मुलगी तृप्ती पवनीच्या कॉलेजात जाते. तिला मी कधीच आवडलो नाही.

"आई, तू वेबसाइट काहून नाई पाहात? तिथं नवीन येत रायते."

"थे गोल गोल फिरत रायते, बापा. हे कसं, बोट लावलं का उघडते."

मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

संस्था माझी नवी आवृत्ती काढी, तेव्हा फोनवर सूचना येई. पण फोन भरलेला. निर्मलाबाईंनी तपासलेल्या प्रत्येक बकरीचा फोटो त्यात होता, आधीचा आणि बरी झाल्यानंतरचा. 'जागा शिल्लक नाही' असे फोन म्हणे आणि त्या ती सूचना बोटाने बाजूला सारत. माणसे असेच करतात. मी उघडत होतो, तेवढे पुरेसे होते. माझी पाने जुनी होत आहेत, हे त्यांना दिसत नव्हते. मलाही दिसत नव्हते.

यंदा धानाची कापणी उरकत आली तेव्हा सत्यभामाबाईंनी त्यांना शेतावर बोलावले. सत्यभामाबाई एकट्या राहतात. तीन बकऱ्या, त्यातली एक काळी, त्यांच्या खास जिवाची.

"हे महिन्याभराची गाभण हाये," त्या म्हणाल्या. "हिले जंताचं औषध चालन का?"

निर्मलाबाईंनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून मला उघडले. औषधाचे नाव शोधले. 'गाभण शेळीलाही देता येते,' असे माझ्या पानावर होते. त्यांनी दोनदा वाचले आणि औषध पाजले.

आठव्या दिवशी काळी बकरी गाभडली, तिचा गर्भ पडला.

संध्याकाळी कॉलेजातून येताना तृप्तीने मोठ्या रस्त्यावर, नेटवर्क होते तिथे, आपल्या फोनवर वेबसाइटचे पान उघडून आणले आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. तेच औषध, तेच पान. पण तिथे लिहिले होते, 'गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात हे औषध देऊ नये.' बहिणीने ती ओळ वर्षभरापूर्वीच बदलली होती. निर्मलाबाईंनी दोन्ही ओळी बोट धरून वाचल्या. मला काही बोलल्या नाहीत. फोनला कोण बोलते?

दुसऱ्या दिवशी त्या सत्यभामाबाईंच्या अंगणात गेल्या. मी कमरेला खोचलेल्या पिशवीत होतो. सत्यभामाबाई तणसाच्या पेंढ्या बांधत होत्या.

"मावशी, तुमची बकरी माह्या औषधानं गाभडली."

हात थांबले. "असं होतच रायते, निर्मला."

"नाई. औषध तेव्हा द्याचं नोयतं. माह्या फोनात जुनं लिवलेलं होतं."

"मंग फोनच चुकला म्हण."

"फोनाले इचारलं मी, अना पाजलं बी मीच."

 सत्यभामाबाईंनी पेंढी आवळली, दुसरी घेतली. निर्मलाबाई परतल्या.

पुढचे तीन आठवडे त्यांना फार कुणी बोलावले नाही. गावात गोष्ट पसरायला नेटवर्क लागत नाही. मग समाजमंदिरासमोर लसीचा दिवस आला. त्या दिवशी सकाळी निर्मलाबाई मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेल्या, नेटवर्क आले तिथे उभ्या राहून माझ्या बहिणीचे पान वाचले आणि कागदावर उतरवून आणले. बाया आल्या. सत्यभामाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. पण तिन्ही बकऱ्या घेऊन आल्या.

"आज पाहून आली का?"

"आली."

"मंग टोच."

काल तृप्ती म्हणाली, "आई, थोडेसे फोटो काढून टाक. मंग हे ॲप नवीन होते."

"अना पुन्हा जुनं झालं का मले कसं समजन?" निर्मलाबाईंनी विचारले. "माह्यावाले फोटो राहू दे. हेच काढून टाक. मी रोडावर जाईन, वाचीन, अना येईन. औषध अर्धा तास उशिरा देलं त बकरी मरत नाई."

"अना पोट फुगलं त? तेव्हा कुठी जाशीन?"

"थे मले तोंडपाठ हाये."

मला राग नाही. मी तत्पर होतो, आणि तत्परतेलाच त्यांनी ज्ञान समजले. मी तरी दुसरे काय समजत होतो? ज्यांच्या फोनमध्ये माझ्यासारखे कुणी असेल, त्यांना एवढेच सांगतो: पान उघडले की आधी ते कधी लिहिले ते पाहा. आम्ही आपणहून सांगत नाही.

आत्ता निर्मलाबाईंचे बोट माझ्यावर दाबलेले आहे. 'काढून टाकायचे?' असे फोन विचारतो आहे. त्यांनी बोट उचलले, 'नाही' केले आणि मला उघडले. पोटफुगीचे पान; बहिणीकडेही ते शब्दाला शब्द तसेच आहे, हे त्या मोठ्या रस्त्यावर जाऊन पाहून आल्या होत्या. फोन छातीशी पालथा धरून, डोळे मिटून त्या पुटपुटू लागल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता. मग पुन्हा सुलटा धरला, पडताळून पाहिले, आणि मला बंद केले.

बोट परत येते आहे.